अठराव्या वर्षानंतर आमची माणसं कुठल्याच रजिस्टरात नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२१ मार्चला जागतिक डाऊन सिंड्रोम दिन झाला. त्यानिमित्त आपल्या अंकात मुलांचे फोटो आले, लवकर निदान किती गरजेचं आहे यावर मजकूर आला. मजकूर चांगला होता. मी तो दोनदा वाचला. ही मुलं मोठी होतात, चाळिशी ओलांडतात, तेव्हा त्यांचं काय होतं आणि ते कुणी तपासून बघतंय का, एवढी एक ओळ त्यात मी शोधत होते. ती सापडली नाही, म्हणून हे पत्र. लांबलं आहे, पण शक्य तेवढं छापावं अशी विनंती.

मी निवृत्त आरोग्यसेविका आहे. सातारा जिल्ह्यात तीन उपकेंद्रांवर मिळून ३३ वर्षं नोकरी केली आणि २०२२ साली निवृत्त झाले. आमचं निम्मं काम सुई-औषधाचं आणि निम्मं रजिस्टरांचं. गरोदर मातांचं रजिस्टर, लसीकरणाचं, पात्र जोडप्यांचं, जन्म-मृत्यूचं, पाण्याच्या नमुन्यांचं. गावात बाळ जन्मलं की त्याचं वजन माझ्या वहीत यायचं, म्हातारं माणूस गेलं की तेही यायचं. माझ्या घरातला एक माणूस मात्र वयाच्या अठरानंतर कुणाच्याच वहीत आला नाही. तो माझा धाकटा भाऊ. वय ४७, डाऊन सिंड्रोम, म्हणजे गुणसूत्रातल्या फरकामुळे जन्मतःच बौद्धिक दिव्यांग. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर 'मध्यम, ७५ टक्के' असं लिहिलंय, आणि तो आकडा आता कायमचा आहे.

आम्ही वाईत राहतो. माझा भाऊ वाती वळतो. कापूस पिंजून, बोटाला राख लावून तो अशी एकसारखी वात वळतो की समईत घातल्यावर ती ओळखू येते. त्याला मोजता येत नाही, म्हणून आईने सुताराकडून २१ खाचांची एक फळी करून घेतली होती. एका खाचेत एक वात. फळी भरली की दोरा बांधायचा, जुडी तयार. पंचवीस-सव्वीस वर्षं त्या फळीवर त्याने जुड्या बांधल्या. गणपती घाटाकडच्या दोन दुकानांत त्या जायच्या, आणि दुकानदाराने जुडी सोडून कधी मोजली नाही, कारण एकही वात कमी निघत नसे.

२०२२ च्या दिवाळीत दुकानदाराने मला बाजूला घेतलं. जुडीत सोळा वाती, सतरा वाती. घरी येऊन पाहिलं तर खाचा रिकाम्या ठेवूनच तो दोरा बांधत होता. मी रागावले. तो म्हणाला, "ताई, फळीत अंधार." मला वाटलं काहीतरी बोलतोय. आठ-दहा दिवस तो हेच म्हणत होता आणि मी, ३३ वर्षं दुसऱ्यांच्या घरी जाऊन "काय होतंय, सांगा" म्हणणारी, त्याच्या बोलण्याकडे लक्षच दिलं नाही.

पुढे आणखी गोष्टी दिसू लागल्या. देवळातून येताना तो मधल्या आळीकडे वळायच्या ऐवजी सरळ चालत राहिला. रात्री दोनला उठून अंघोळीला बसला. मला एकदा आई म्हणाला. आई २०१९ सालीच गेली. मी आरोग्य खात्यात काम केलेलं, डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसांना स्मृतिभ्रंश फार लवकर येऊ शकतो हे मी कुठेतरी वाचलं होतं. एकविसाव्या गुणसूत्राच्या दोन ऐवजी तीन प्रती असतात, आणि अल्झायमरमध्ये मेंदूत जे थर साचतात त्यांच्या प्रथिनाचं जनुक नेमकं त्याच गुणसूत्रावर आहे. चाळिशीपर्यंत अशा जवळजवळ सगळ्यांच्याच मेंदूत ते बदल सुरू झालेले असतात. लक्षणं दिसायला पुढे दहा-पंधरा वर्षं लागतात, कुणाला कमी.

एका मोठ्या रुग्णालयात त्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, "आज वार कोणता?" तो म्हणाला, "बाजार." आमच्याकडच्या आठवडी बाजाराचाच तो दिवस होता, म्हणजे त्याचं उत्तर बरोबर होतं. ते चूक धरलं. मग विचारलं, "शंभरातून सात वजा केले तर किती राहतात?" त्याने हात जोडले. जी गोष्ट त्याला जन्मात कधी आली नाही ती आता येत नाही, यावरून काय कळणार होतं? केसपेपरवर लिहिलं गेलं, 'रुग्ण सहकार्य करत नाही.' आणि मला तोंडी सांगितलं गेलं की या मुलांचं असंच असतं, वय झालं की बिघडतात. तेव्हा तो ४५ वर्षांचा होता. त्याच्या दाढीत पांढरे केस होते आणि तरी तो "ही मुलं" होता.

पुढे दुसरीकडे एक तरुण डॉक्टर बाई भेटल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो मला आजवर कुणी विचारला नव्हता. "तीन वर्षांपूर्वी, दहा वर्षांपूर्वी हे काय काय करायचे? ते सांगा, मग आता काय गेलंय ते कळेल."

मला सांगता येईना. मी सकाळी सातला बाहेर पडायची आणि संध्याकाळी परत यायची. तो काय करतो हे आईला माहीत होतं, आणि आई गेलेली.

मग माळ्यावरची ट्रंक काढली. आईची एक सवय होती. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचा हिशोब लिहायची, त्याच चौकोनात भावाबद्दलही दोन शब्द लिहायची. वर्ष संपलं की कॅलेंडर सुतळीने बांधून ट्रंकेत. १९८८ ते २०१८, मधली दोन वर्षं सोडली तर सगळी आहेत. "आज शर्टाची सगळी बटणं लावली." "एकटा घाटावर जाऊन आला, मी मागून गेले होते, त्याला कळलं नाही." "पाच रुपये परत आणले." "सुपारीएवढा गोळा मळून पोळी लाटली, जाड पण गोल." "दोन दिवस कमी बोलतोय, कान दुखतो का?" आई सातवी शिकलेली. तिला कुणी असं लिहायला सांगितलं नव्हतं.

त्या डॉक्टर बाईंनी ती कॅलेंडरं घेऊन माझ्याबरोबर दोन तास काढले. मग डोळे तपासायला सांगितले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. फळीत खरंच अंधार होता. रक्त तपासलं तर थायरॉइडचं काम मंदावलेलं. डाऊन सिंड्रोममध्ये या दोन्ही गोष्टी वारंवार होतात. अमेरिकेत २०२० साली अशा प्रौढांसाठी वैद्यकीय सूचना प्रसिद्ध झाल्या, त्यात थायरॉइड २१ व्या वर्षापासून वर्षा-दोन वर्षांनी बघावा आणि स्मृतिभ्रंशाची चौकशी ४० पासून दरवर्षी करावी असं आहे. माझ्या भावाचा थायरॉइड शेवटचा कधी तपासला होता? मला आठवत नाही. मी आरोग्यसेविका असून आठवत नाही.

ऑपरेशन झालं, गोळी सुरू झाली. फळी परत भरू लागली. रात्रीचं उठणं कमी झालं. पण देवळातून घरी यायचा रस्ता परत आला नाही, आणि मला आई म्हणणं थांबलं नाही. म्हणजे काही डोळ्यांचं होतं, काही थायरॉइडचं आणि काही खरोखर त्या आजाराचं. हे तीन वेगळे करता आले ते एका सातवी शिकलेल्या बाईच्या दुधाच्या हिशोबामुळे. ज्यांच्या आईने असं लिहिलं नाही त्यांनी काय करायचं?

संशोधनाचा प्रश्न माझ्या दृष्टीने इथून सुरू होतो. आपल्याकडे या क्षेत्रात मोजमापाची साधनं पूर्वीच बनली आहेत. फ्रान्सच्या बिने यांची बुद्धिचाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी कामतांनी बसवली. नागपूरला मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बुद्धिमापन तयार केलं आणि अमेरिकेतली व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वतेची ८९ प्रश्नांची पट्टीही आपल्याकडे आणली. आजही प्रमाणपत्र देताना हीच साधनं वापरतात. पण मालिन यांची बुद्धिचाचणी ६ ते १५ वयाची. सामाजिक पट्टी १५ वर्षांपर्यंतची. कामतांची चाचणी बाविसाव्या वर्षी संपते. म्हणजे मूल मोठं होताना काय काय शिकतं ते मोजायला आपल्याकडे तीन पट्ट्या आहेत. मोठा माणूस शिकलेलं काय काय विसरत चालला आहे, ते मोजायला या तिघींपैकी एकही नाही.

आणि हे अशक्य आहे असंही नाही. हरियाणातल्या बल्लभगढला निरक्षर म्हाताऱ्या माणसांची स्मृती तपासायला वजाबाकी चालत नाही, हे ओळखून १९९५ च्या सुमारास हिंदीत वेगळी चाचणी बसवली गेली. अलीकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने स्मृतिभ्रंशाच्या चाचण्यांचा संच पाच भाषांत तयार केला, हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. त्या पहिल्या पाचांत मराठी नव्हती. शिवाय तोही ज्यांची बुद्धी आधी सर्वसाधारण होती अशांसाठी. बौद्धिक दिव्यांग माणसासाठी प्रश्न माणसाला विचारून भागत नाही, त्याच्या रोजच्या सोबत्याला विचारावे लागतात. पूर्वी काय यायचं, आता काय येत नाही, कधीपासून. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये अशी प्रश्नपत्रकं आहेत. त्यांचं नुसतं भाषांतर करून आपलं काम होणार नाही. ते प्रश्न तिथल्या घरांतल्या, तिथल्या व्यवहारांतल्या माणसांसाठी आहेत. आमच्या माणसाचं शहाणपण वाती वळण्यात, देवळाच्या घंटेची वेळ ओळखण्यात, दुधाची पिशवी न सांडता आणण्यात असतं. हे प्रश्न इथल्या आयांना, बहिणींना, कार्यशाळेतल्या ताईंना विचारून बसवावे लागतील, आणि पाच-दहा वर्षं वापरून तपासावे लागतील. तेच मला हवं असलेलं संशोधन. फार पैशाचं नाही, चिकाटीचं आहे.

माझा गैरसमज करून घेऊ नये. लहान मुलांवरच्या कामाला माझा विरोध नाही. २०१३ साली पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून मी त्या पथकांबरोबर अंगणवाड्या फिरले आहे. टाचेच्या रक्ताच्या थेंबावरून जन्मतःच थायरॉइडची कमतरता कळते आणि वेळेत गोळी दिली तर बुद्धीचं नुकसान टळतं, ती तपासणी प्रत्येक बाळाला मिळायला हवी असं मी नोकरीत असतानाही म्हणत होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत देशातल्या पाच ठिकाणी २ ते ९ वयाच्या ३,९६४ मुलांना तपासलं, त्यात आपला उत्तर गोवा जिल्हाही होता. ६ ते ९ वयोगटात विकासाशी निगडित काही ना काही अडचण असणाऱ्यांचं प्रमाण ठिकाणानुसार साडेसहा टक्क्यांपासून साडेअठरा टक्क्यांपर्यंत निघालं. मोलाचं काम आहे. पण ती मुलं मोठी होतायत. बाल स्वास्थ्याचं पथक १८ व्या वर्षी थांबतं. विशेष शाळा १८ व्या वर्षी संपते. त्यापुढचा माणूस कुणाच्याच तक्त्यात नाही, आणि आता ही माणसं जगतात. अमेरिकेत १९८३ साली डाऊन सिंड्रोम असलेला माणूस सरासरी २५ वर्षं जगायचा, आज साठीच्या घरात जातो. भावाचा जन्म झाला तेव्हा सुईणीने आईला सांगितलं होतं, दहा-बारा वर्षांचा सोबती आहे.

आपल्याकडे ही माणसं किती वर्षं जगतात? २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १५ लाख बौद्धिक दिव्यांग नोंदले गेले, महाराष्ट्रात सुमारे १ लाख ६० हजार. ती किती वयात जातात, कशाने जातात? माझ्याकडे १९९२ सालचा एक फोटो आहे. भावाच्या निवासी शाळेतल्या वर्गाचा, १४ मुलं. त्यातली सहा गेली, एकानेही पंचेचाळिशी गाठली नाही. एक रात्री फिट येऊन गेला. एक विहिरीत सापडला. एकीच्या हृदयाला लहानपणापासून छिद्र होतं. एकाला न्यूमोनिया. उरलेल्या दोघांचं घरच्यांनाही नीट सांगता येत नाही, "पोट फुगलं होतं, मग गेला" एवढंच. मी मृत्यूची रजिस्टरं भरलेली आहेत. कारणाच्या रकान्यात 'हृदयक्रिया बंद' लिहून माणूस संपतो. तो बौद्धिक दिव्यांग होता हे त्यात कुठे उमटतच नाही.

आणि याच खात्यात, याच रजिस्टरांत, दुसऱ्या एका बाबतीत काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एक माता दगावली की अन्वेषण व्हायचं. कुठल्या घरी, कितव्या महिन्यात, गाडी किती वाजता सांगितली, किती वाजता आली, रक्त होतं का. तालुक्याचे वैद्यकीय अधिकारी घरी येऊन बसायचे. आम्हाला घाम फुटायचा. पण त्या प्रश्नांमुळेच पुढच्या वेळी गाडी आधी सांगितली जायची. २००१-०३ मध्ये महाराष्ट्रात एक लाख जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या, २०१८-२० मध्ये ३३. त्याला इतर अनेक कारणं आहेत, मान्य. तरी मोजल्याशिवाय हे झालं नसतं.

इंग्लंडमध्ये २०१५ पासून बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांच्या मृत्यूंचं असंच अन्वेषण चालतं. त्याआधी तिथे २४७ मृत्यू बारकाईने तपासले होते. तेव्हा कळलं की हे पुरुष इतरांपेक्षा सरासरी १३ वर्षं आधी जातात आणि बायका २० वर्षं आधी. कशाने? घास श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया, वेळेत न ओळखलेलं दुखणं, आणि हे वाचून मी हातातला कागद खाली ठेवला, बद्धकोष्ठता. तुंबलेल्या पोटाने माणसं मरतात. "पोट फुगलं होतं, मग गेला." त्या मुलाला एरंडेल आणि एनिमा वेळेवर मिळाला असता तर? मला माहीत नाही. कुणीच विचारलं नाही, म्हणून कुणालाच माहीत नाही. दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, म्हणजे यूडीआयडी कार्डाचा, क्रमांक मृत्यूच्या नोंदीला जोडला तरी निदान आकडे हाताशी येतील. त्याला नवी इमारत लागत नाही.

आता माझी सगळ्यात महत्त्वाची मागणी. आयर्लंड हा आपल्या काही जिल्ह्यांएवढा देश. त्यांनी आपल्या म्हाताऱ्या माणसांची वर्षानुवर्षं चालणारी पाहणी सुरू केली, तेव्हा तिला एक जोड दिली. चाळिशी ओलांडलेली ७५३ बौद्धिक अक्षमता असलेली माणसं निवडली आणि दर तीनेक वर्षांनी त्यांच्याकडे परत जायचं ठरवलं. त्यांची हाडं, डोळे, दात, औषधं, मैत्री, एकटेपणा, सगळं. कितीतरी जणांची हाडं ठिसूळ झाली होती आणि तपासणी होईपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. ज्याला बोलता येतं त्याला स्वतःला विचारतात, ज्याला येत नाही त्याच्या सोबत्याला.

आपल्या देशातही वृद्धत्वाची अशीच मोठी पाहणी आहे. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जण. ती चालवते मुंबईच्या देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. आपल्याच राज्यातली संस्था, प्रशिक्षित माणसं, तयार पद्धत. तिला हजारभर बौद्धिक दिव्यांग माणसांची जोड द्या, सुरुवात महाराष्ट्र आणि गोव्यातून करा. राज्याचा स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग डिसेंबर २०२२ पासून आहे. त्याने हे अंगावर घ्यावं.

कायदा तर आधीच सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाचं कलम २८ संशोधनाचं आहे, सरकारने ते हाती घ्यावं असं त्यात स्पष्ट आहे. कलम ६ मध्ये आणखी महत्त्वाचं आहे. दिव्यांग माणसावर त्याला समजेल अशा रीतीने घेतलेल्या संमतीशिवाय संशोधन करायचं नाही, आणि परवानगी देणाऱ्या समितीत निम्मे सदस्य तरी स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संघटनांचे हवेत. म्हणजे प्रश्न ठरवताना आमची माणसं खोलीत असली पाहिजेत. माझ्या भावाने पहिल्या दिवशी निदान केलं होतं, फळीत अंधार. ते ऐकायला शिकणं हाही संशोधनाचाच विषय आहे. संमती कशी घ्यायची, चित्रं दाखवून, दोनदा विचारून, नाही म्हणाला तर थांबून, हे मराठीत कुणीतरी बसवायला हवं.

बायकांबद्दल एक लिहिते, कारण ते पुरुष डॉक्टरांच्या यादीत शेवटी येतं. १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली, त्यावर देशभर गदारोळ झाला. त्यांना पाळीत स्वच्छता जमत नाही हे कारण होतं. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात बौद्धिक अक्षमता असलेल्या बाईच्या गर्भपाताबाबतही तिचं स्वतःचं मत डावलता येणार नाही असं सांगितलं. पण नोकरीच्या ३३ वर्षांत, अशा मुलीला पाळी कशी सांभाळायला शिकवावी याची तपासून पाहिलेली एकही पद्धत माझ्या हातात आली नाही. माझ्या क्षेत्रात अशा चार मुली होत्या. त्यांच्या आया मला विचारायच्या आणि मी आपलं डोकं चालवायची. लाल दोऱ्याची गाठ मारलेली पिशवी, बाहुलीवर दाखवणं, महिन्याच्या आधी आठवण. एका मुलीला जमलं, दोघींना अर्धं जमलं. चौथीला तिच्या घरच्यांनी गावाबाहेर नेलं आणि पुढे काय झालं ते मला सांगितलं नाही.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हातापायांवर नीट ताबा नसणं), स्वमग्नता, यांचंही असंच आहे. आमच्या गल्लीपलीकडे पस्तिशीचा एक जण आहे, लहानपणी फिजिओथेरपी मिळाली, चालायला लागला, पेपरात फोटो आला. आता त्याचा खुबा इतका दुखतो की तो परत बसूनच असतो. चाळिशीतल्या अशा सांध्यांचं काय करायचं हे त्याला सांगणारं कुणी मिळत नाही.

आणि सगळ्यांच्या मनातला प्रश्न, आमच्यानंतर कोण. मी ६१ वर्षांची आहे. गुडघे गेलेत. भावाला अंघोळ घालताना मला आता स्टुलावर बसावं लागतं. काही ठिकाणी पालकांनीच हा प्रश्न ओळखून हिंमत केली आणि अशा माणसांसाठी निवासी घरं उभी केली. राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे, एक लाखापर्यंत. पण बहिणीकडे राहणारा, संस्थेत राहणारा आणि चार जणांच्या छोट्या घरात राहणारा, यांत कोण जास्त दिवस हसतं-खेळतं राहतं, कुणाला किती खर्च येतो, सांभाळणाऱ्या माणसाचं काय होतं, हे कुणी शेजारी शेजारी ठेवून पाहिलेलं मला मिळालं नाही. मला त्यावर एक निर्णय घ्यायचा आहे आणि तो मी अंदाजाने घेणार आहे. निदान माझ्या मागच्यांना अंदाजाने घ्यावा लागू नये.

संशोधकांना वेळ लागेल. तोवर एक गोष्ट प्रत्येक कार्यशाळेला, प्रत्येक घराला उद्यापासून करता येईल. तिशी उलटली की त्या माणसाला काय काय येतं ते एका वहीत लिहा. स्वतः काय घालतो, कुठवर एकटा जातो, किती माणसांची नावं घेतो, जेवायला किती वेळ लागतो. शक्य असेल तर मोबाईलवर दोन मिनिटांचं चित्रण. दरवर्षी वाढदिवसाला तेच परत. पुढे कुणी डॉक्टर विचारेल तेव्हा उत्तर तयार असेल. विशेष शाळांतल्या शिक्षिकांनी एवढं तरी मनावर घ्यावं. आणि मुंबई-पुण्याच्या कुणा संशोधकाला किंवा विद्यार्थ्याला आईची कॅलेंडरं बघायची असतील तर ती मी नीट गुंडाळून ठेवली आहेत. आपल्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा. घरी येऊन बघावीत, नेता येणार नाहीत.

यंदाचं कॅलेंडर मी लिहितेय. काल त्याने फळीच्या १९ खाचा भरल्या. दोन राहिल्या, त्या त्याने मला बोटाने दाखवल्या आणि कापूस संपलाय म्हणाला. कापूस खरंच संपला होता.

कळावे,
आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
वाई, जि. सातारा